पाच फूट एक इंचाचा राक्षस

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन, फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, म्हणजे कॅरेक्टर शीटच्या दुसऱ्या पानावर, वर एक पट्टी असते, वय, उंची, वजन, डोळे, कातडी, केस. ही पट्टी बहुतेक लोक एकतर रिकामी सोडतात नाहीतर हात चालेल तसं काहीतरी लिहून मोकळे होतात, सहा फूट, ऐंशी किलो, झालं. मीही आतापर्यंत तसंच करायचो आणि कोणी कधी विचारलं पण नव्हतं. या पावसाळ्यात मात्र आमच्या डीएमने, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या आणि नियम चालवणाऱ्याने, माझ्या चुलतभावाने, दादाने, पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं की उंची-वजन भरल्याशिवाय कोणाला खेळायला घेणार नाही, आणि भरायचं तेही मनाने नाही, फासे टाकून.

आम्ही वेंगुर्ल्याच्या बाजूचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे माझा मित्र ज्याची स्वतःची होडी आहे तो दोन महिने घरी, त्याची बायको म्हणजे आमची वहिनी तीही बाजारातून मोकळी, दादा पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरून काम करायला आलेला आणि त्याची धाकटी बहीण कॉलेजला सुट्टी म्हणून. लाईट जाणार हे गृहीतच, म्हणून लॅपटॉपवर वगैरे काही नाही, पडवीत चटई, कंदील, कागद, फासे आणि फणसाचे गरे. आजी झोपाळ्यावर बसून बघते आणि दर थोड्या वेळाने विचारते, "काय करतास रे ह्या?"

दादाचं म्हणणं साधं होतं. कॅम्पेन, म्हणजे बैठकीमागून बैठक चालणारी गोष्ट, आपल्याच किनाऱ्यासारख्या किनाऱ्यावरचं आहे, खाडी, होडी, पाण्यातला किल्ला, दोरावरून चढणं, लपून बसणं, तर तुमच्या अंगाला वजन आणि लांबी नसेल तर मी कशाच्या जोरावर सांगू की होडी बुडाली का नाही. पटलं. तसं पटलं नसतं तरी पुस्तक त्याच्याकडे होतं.

तर २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकात, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, यासाठी एक छोटा तक्ता आहे आणि तो वाटतो त्यापेक्षा हुशार आहे. प्रत्येक जमातीला एक पायाची उंची आणि एक पायाचं वजन दिलंय. माणसासाठी ४ फूट ८ इंच आणि ११० पौंड. मग दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, जी बेरीज येईल तेवढे इंच उंचीत मिळवायचे. आता गंमत अशी की तीच बेरीज वजनालाही लागते, माणसासाठी चार बाजूंचे दोन फासे टाकायचे, त्यांच्या बेरजेने आधीच्या बेरजेला गुणायचं आणि येईल तेवढे पौंड ११० मध्ये घालायचे. म्हणजे उंच माणूस आपोआप जड होतो, वेगळं काही सांभाळावं लागत नाही.

माझं कॅरेक्टर भिकाजी. क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, बार्ड, गाणी-गोष्टी सांगणारा, पण बार्ड म्हटलं की ते पीस लावलेली टोपी आणि वीणा घेऊन फिरणारं काहीतरी डोळ्यासमोर येतं ते मला नको होतं, मला दशावतारी हवा होता. आमच्याकडे जत्रांच्या दिवसांत रात्रभर देवळासमोर दशावतार चालतो, लिहिलेले संवाद नसतात, आख्यान ठरतं आणि पुढचं सगळं नट उभ्या उभ्या बोलतात, यापेक्षा मोठा बार्ड कुठे मिळणार. त्यात भिकाजी राक्षसाची कामं करणारा. मनात चित्र पक्कं, सहा फूट दोन इंच, रुंद छाती, मुकुट घातला की मांडवाला लागेल असा. फासे टाकले. ३ आणि २. पाच.

४ फूट ८ मध्ये ५ इंच. ५ फूट १.

वहिनी एवढी हसली की कंदील हलला. मी म्हटलं परत टाकतो, दादा म्हणाला हात लावायचा नाही. वजनाचे फासे ३ आणि ४, म्हणजे ७, पाच साता पस्तीस, ११० आणि ३५ मिळून १४५ पौंड. आता उंची आपण अजून फुटातच बोलतो त्यामुळे ५ फूट १ म्हणजे काय ते लगेच कळतं पण पौंडाचं कोणाला काही कळत नाही, २.२ ने भागलं की किलो, साधारण ६६ किलो. म्हणजे बुटका आणि भरलेला, खांदे मोठे, डॉक्टरकडे गेला तर वजन कमी करा म्हणेल असा.

आधी वैतागलो. पण मग बसल्या बसल्या विचार करायला लागलो की पाच फूट एक इंचाच्या माणसाला राक्षसाचं काम मिळालंच कसं, आणि तिथून भिकाजी खरा सुरू झाला. पूर्वी दशावतारी कंपन्या गावोगाव चालत जायच्या आणि सामानाचा पेटारा डोक्यावर असायचा. भिकाजी पेटारा वाहणारा पोरगा म्हणून कंपनीत शिरला, मान आणि खांदे त्यानेच झाले, आणि एका रात्री राक्षस करणारा नट तापाने पडला म्हणून याला उभा केला, आवाज असा काढला की पुढे बसलेली पोरं रडायला लागली. उंचीची भरपाई आवाजाने. हे सगळं मला सहा फूट दोन इंचात सुचलं नसतं, कारण सहा फुटी राक्षसाला काही विचारावंच लागत नाही. म्हणून माझं मत आता पक्कं झालंय की उंची फाशांवर सोडावी. उंची कोणी निवडून जन्माला येत नाही.

वजनाचं वेगळं आहे, पण त्याआधी बाकीच्यांचं सांगतो.

वहिनीने हाफ-ऑर्क घेतली, अर्धी माणूस आणि अर्धी ऑर्क नावाच्या दांडग्या जमातीची, फायटर म्हणजे लढवय्यी. तिथे पाया ४ फूट १० आणि १४० पौंड, उंचीला दहा बाजूंचे दोन फासे आणि वजनाला सहा बाजूंचे दोन. उंचीला १४ आले, सरळ ६ फूट. वजनाला ९, चौदा नव्वे १२६, एकूण २६६ पौंड म्हणजे जवळजवळ १२१ किलो. दादा जरा बिचकत म्हणाला, "वहिनी, तुम्हाला जास्त वाटत असेल तर कमी करू या," तर ती म्हणाली, "काय्येक कमी करू नको, माका अशीच बाय होयी." लिलावात पुढे उभं राहायला असं अंग पाहिजे म्हणाली, लोक आपोआप बाजूला होतात.

तिच्या नवऱ्याने हाफलिंग घेतला, ही बुटक्या लोकांची जमात. तिथे पाया २ फूट ७, वर चार बाजूंचे दोन फासे, त्याला ५ आले म्हणजे बरोबर ३ फूट. वजनाला गुणाकारच नाही, ३५ पौंडात तेच ५ घालायचे, ४० पौंड, १८ किलो. "अठरा किलो? माझा जाळा ह्येच्यापेक्षा जड आसा!" असं म्हणून तो बराच वेळ फुगून बसला. तसा हाफलिंगचा तक्ता फारच चिंचोळा आहे, काहीही टाका, २ फूट ९ ते ३ फूट ३ आणि ३७ ते ४३ पौंड, याच्या बाहेर जाताच येत नाही. सगळे हाफलिंग एकाच साच्यातले. हे मला आवडलं नाही.

आणि बहिणीची हाय एल्फ, एका सडपातळ जमातीची, आणि विझार्ड म्हणजे मंत्र टाकणारी. ४ फूट ६ मध्ये १२ इंच, ५ फूट ६. ९० पौंडांत बारा दुणे चोवीस, ११४ पौंड, ५२ किलोला जरा कमी. एल्फला वजनासाठी चार बाजूंचा एकच फासा असतो त्यामुळे ते हडकुळेच राहतात, बहीण खूश.

आकडे कागदावर होते पण डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मग मित्राने सुताराची टेप आणली आणि पडवीच्या लाकडी खांबावर आम्ही खडूने खुणा केल्या. सर्वात वर ६ फूट, तिथे 'व' लिहिलं. मग ५-६, मग माझी ५-१, आणि खाली, अगदी खाली, ३ फुटांची खूण. ती खूण मित्राच्या कमरेच्या थोडी खाली आली. त्याने तिथे गुडघे टेकून डोकं खुणेला लावायचा प्रयत्न केला तरी डोकं वर जात होतं, शेवटी मांडी घालून बसला तेव्हा कुठे जवळपास जमलं, आणि तिथून मान वर करून त्याने खांबावरच्या 'व'कडे बघितलं. मग म्हणाला, बरं, आता कळलं. त्यानंतर तो हाफलिंग ज्या पद्धतीने बोलायला लागला ना, कायम वर बघून, दुसऱ्याच्या पट्ट्याला आणि थैलीला काय लटकलंय ते आधी बघणारा, ते नुसत्या '३ फूट' आकड्यातून आलं नसतं. आजीने विचारलं खांब कशाला रंगवताय, आणि मग उत्सुकतेने स्वतःच उठून खांबाला पाठ लावून उभी राहिली. ४ फूट ७.

आणि इथे खरी चर्चा पेटली.

कारण आजी या तक्त्यात बसत नाही. माणसाची कमीत कमी उंची ४ फूट १० निघते कारण दोन फाशांची बेरीज दोनच्या खाली जात नाही, आणि कमीत कमी वजन ११४ पौंड, म्हणजे सुमारे ५२ किलो. आमची आजी चाळीस किलो. आणि आजारी वगैरे नाही हां, हिने सबंध आयुष्य उताराच्या विहिरीवरून डोक्यावर कळशी आणि काखेत दुसरी असं पाणी चढवलंय, भातलावणीत सगळ्यांच्या पुढे. अशी बाई या पुस्तकाच्या हिशोबाने जगात असूच शकत नाही. मी जरा आकडेमोड केली तर तक्त्याचा स्वभावच कळला, बुटक्या माणसाला तो ना बारीक होऊ देत ना जाड. माझ्या ५ फूट १ ला वजन १२० ते १५० पौंडांतच फिरणार, ३० पौंडांची जागा. तेच २० इंच आलेल्या ६ फूट ४ च्या माणसाला १५० ते २७०, म्हणजे १२० पौंडांची जागा. सगळी मोकळीक उंच लोकांना. खाऊनपिऊन सुखी घरातल्या साहसवीरांचा तक्ता आहे हा.

दादाकडे जुन्या आवृत्तीचं, साडेतीनचं पुस्तकही होतं. त्यात बायका आणि पुरुषांचे तक्ते वेगळे. माणसातल्या बाईचा पाया ४ फूट ५ आणि ८५ पौंड, पुरुषाचा ४ फूट १० आणि १२० पौंड. म्हणजे जुन्या तक्त्यात सगळ्यात लहान बाई ४ फूट ७ आणि ८९ पौंड. ८९ पौंड म्हणजे ४० किलो. आजी बसली! अगदी काठावर, पण बसली. बहीण म्हणाली बघा, जुनंच बरोबर होतं. वहिनी उसळली. तिने तिची हाफ-ऑर्क जुन्या तक्त्यात बघितली, तिथे बाईचा पाया ४ फूट ५ आणि ११० पौंड, पुरुषाला मात्र ४ फूट १० आणि १५०. फासा टाकायच्या आधीच बाईला पाच इंच आणि चाळीस पौंड कमी. "म्हणजे दोघांका सारख्याच पडला तरी मी हेच्यापेक्षा बारकीच?" तिचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं. नव्या तक्त्यात पुरुष-बाई एकच, त्यामुळे सहा फुटी बाई कोणाची परवानगी न मागता येते. पण त्याच एकीकरणात चार फूट सातची म्हातारी बाहेर राहिली, कारण नवीन पाया दोघांच्या मधला घेतलाय आणि मधला घेतला की दोन्ही टोकं जातात.

यावर बराच वेळ वाद झाला, गरे संपले, आणि शेवटी आम्ही आमचा नियम केला. उंची फाशावर, त्यात तडजोड नाही, आणि पाया कुठला घ्यायचा ते ज्याचं त्याने ठरवावं, जुना बाईचा, जुना पुरुषाचा किंवा नवा, कॅरेक्टर कोणीही असो. वजनाला मात्र फासा सक्तीचा नाही. फासा २ ते ८ मधला जो आकडा देतो तो आकडा तुम्ही स्वतः निवडा, पण निवडण्याआधी दोन वाक्यांत सांगा की हा माणूस दिवसभर करतो काय आणि रात्री जेवतो काय. डोलीने माणसं वाहणारा असेल तर ६-७, मंदिरात पोथी वाचणारा असेल आणि नैवेद्य भरपूर असेल तरी ७, वल्हं मारणारा पण एक वेळ पेजेवर राहणारा असेल तर ३. वजन माणूस कमावतो किंवा गमावतो, ते त्याच्या कामात आणि ताटात दिसतं, नशिबावर का टाकायचं. गर्प्स नावाची दुसरी सिस्टीम आहे तिथे साधारण याच दिशेने जातात, आधी ताकदीचा आकडा बघायचा आणि त्यावरून उंची-वजनाची रेंज मिळते, म्हणजे आम्ही काही जगावेगळं केलं नाही.

भिकाजीचं ७ मी तसंच ठेवलं. पेटारा वाहिलेला माणूस.

आता हे सगळं खेळताना कुठे लागलं ते सांगतो, कारण नुसता आकडा भरून कोणाचं पोट भरत नाही.

पाण्यातला किल्ला होता, दादाने सिंधुदुर्ग डोळ्यासमोर ठेवून केलेला, तीसेक फूट तट. तटावरून एक तुटका दोर लोंबतोय, त्याचं टोक जमिनीपासून ११ फुटांवर. नियम असा आहे की दहा फूट धाव घेऊन उंच उडी मारली तर ३ फूट अधिक तुमचा स्ट्रेंग्थ मॉडिफायर, म्हणजे ताकदीच्या आकड्यावरून मिळणारी भर, एवढे वर जाता, आणि हात वर केले की तुमच्या उंचीच्या दीडपट अजून. भिकाजीची स्ट्रेंग्थ १०, मॉडिफायर शून्य, उडी ३ फूट. पाच फूट एकची दीडपट ७ फूट साडेसात इंच. एकूण १० फूट साडेसात. साडेचार इंच कमी पडले! तीन इंचांनी उंच असतो तर ८ आणि ३, बरोबर ११, बोटं दोराला लागली असती. वहिनीच्या फायटरची दीडपट ९ फूट, उडी ६ फूट, १५ फुटांवर आरामात, तिने दोर धरला आणि मग मला कॉलरला धरून वर घेतला. राक्षस कॉलरला धरून. हा प्रसंग आमच्याकडे अजून सांगितला जातो.

पण खरी मजा होडीची. किल्ल्यातून पळताना एक छोटी होडी मिळाली, दादाने सांगितलं ३०० किलो घेईल, म्हणजे ६६१ पौंड, आणि खाडीच्या तोंडावर वाळूची पट्टी आहे, भरती उतरतेय, जास्त वजन झालं तर तिथे टेकणार. असल्या गोष्टी माझा मित्र रोज करतो त्यामुळे पेन त्यानेच घेतलं. माणसं १४५, २६६, ११४, ४०, झाले ५६५. वहिनीची चेन मेल ५५, ६२०. तिची मोठी कुऱ्हाड ७, ६२७. बाकी किरकोळ सामान दादाने माफ केलं. आणि किल्ल्यात मिळालेली २००० नाणी. पन्नास नाण्यांचा एक पौंड होतो, म्हणजे ४० पौंड. ६६७. सहा पौंड जास्त, पावणेतीन किलो.

तेवढ्यात बहिणीच्या लक्षात आलं की नाणी ४० पौंड आणि हाफलिंगही ४० पौंड, आणि सगळ्यांनी एकदम मित्राकडे बघितलं. त्याची स्वतःची बायको पण. तो म्हणाला चिलखत काढ, पण चेन मेल उतरवायला पाच मिनिटं लागतात आणि मागे मशाली दिसत होत्या. चेन मेल नाही, नाणी सोडायची तर कोणाची तयारी नाही, हाफलिंग पाण्यात उतरायला तयार नाही.

उपाय एल्फने काढला. एनलार्ज-रिड्यूस नावाचा मंत्र आहे, त्यातला रिड्यूस टाकला की माणूस सगळीकडून अर्धा होतो आणि वजन आठव्या हिश्शावर येतं, अंगावरच्या सामानासकट. हे आठव्याचं गणित बरोबरच आहे, लांबी, रुंदी, जाडी तिन्ही अर्ध्या झाल्या की अर्ध्याचा अर्धा आणि त्याचा अर्धा. वहिनी, चिलखत, कुऱ्हाड मिळून ३२८ पौंड, त्याचे झाले ४१. होडी ६६७ वरून ३८० वर, पावणेदोनशे किलोच्याही आत. सहा फुटी बाई तीन फुटांची झाली आणि नवऱ्याच्या बरोबरीने फळीवर बसली, पडवीतल्या खांबावर त्याने बोट ठेवून दाखवलंच. फक्त हा मंत्र एकच मिनिट टिकतो. एका मिनिटात वाळूची पट्टी पार करायची. मित्र वल्ह्यावर, मी ओरडून ताल देतोय, दादा एकेक राऊंड मोजतोय, आणि पट्टीच्या पलीकडे खोल पाण्यात नाक गेलं न गेलं तोच मिनिट संपलं आणि वहिनी होडीच्या मधोमध परत १२१ किलोची झाली. होडीने पाणी घेतलं, टोपीने उपसलं, पण बुडालो नाही. उलटा मंत्र चुकून टाकला असता तर वजन आठपट, २६६ चे २१२८ पौंड, साडेनऊशे किलोच्या वर, हे नंतर मित्राने हिशोब करून सांगितलं आणि स्वतःच हादरला.

दादाने पुढचं कॅम्पेन कॉल ऑफ कथुलू या असल्याच दुसऱ्या, भयकथांच्या खेळाचं ठरवलंय. तिथे उंची-वजन वेगळं लिहायचं नसतं पण 'साइझ' नावाचा गुणच असतो, सहा बाजूंचे दोन फासे अधिक ६ आणि त्याला पाचने गुणायचं, आणि सातव्या आवृत्तीत साइझ आणि कॉन्स्टिट्यूशनची, म्हणजे काटकपणाच्या आकड्याची, बेरीज भागिले दहा एवढे तुमचे हिट पॉइंट. म्हणजे अंगाने मोठा तो जास्त मार खाऊ शकतो, थेट नियमातच. वहिनीने एवढंच विचारलं की जास्तीत जास्त किती, दादा म्हणाला ९०, तर म्हणाली मग माका नव्वदच लिव. तिला फासे टाकावेच लागतील म्हणून सांगितलंय, पण ते आता नारळी पौर्णिमेनंतर कधी होड्यांना खाडा पडेल तेव्हा, तोपर्यंत दोघं नवरा-बायको कोणाच्या हाताला लागणार नाहीत.